डॅमेज झालेला डीएनए कॉपी करणारी यीस्टची एन्झाइम्स: ‘एरर-प्रोन’ म्हणजे नेमकं काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे, की एमएस्सीच्या सेमिनारला यीस्टची ट्रान्सलीजन पॉलिमरेज (डॅमेज झालेल्या जागेवरूनही डीएनए कॉपी करत पुढे जाणारी एन्झाइम्स) घेतली आहेस, सरांनी सांगितलं ही सगळी एरर-प्रोन, म्हणजे चुका करणारी, असतात, आणि पेपर उघडला तर पहिल्याच ओळीत त्यातलंच एक, पॉल ईटा, एरर-फ्री बायपास करतं, म्हणजे डॅमेज न चुकता ओलांडतं, असं लिहिलंय. मग खरं कुठलं? आणि जिथे नेहमीचं पॉलिमरेज अडकून बसतं तिथून ही एन्झाइम्स पुढे जातात, तर त्यांच्या स्ट्रक्चरमध्ये असं काय वेगळं दिसतं?

दोन्ही खरं आहे, आणि याचं कारण स्ट्रक्चरमध्येच आहे. एन्झाइम चुका करतं की नाही हे एकट्या एन्झाइमवरून ठरत नाही, त्याच्यासमोर कुठलं डॅमेज आलंय त्यावर ठरतं. पॉल ईटाला चांगला, धड डीएनए दिला तर ते भरपूर चुका करतं, थायमिन डायमर (यूव्हीने एकमेकांना चिकटलेले शेजारचे दोन थायमिन) दिला तर मात्र तिथे दोन ॲडेनिन घालून निमूट पुढे जातं. स्ट्रक्चर बघताना मी मुलांना एकच गोष्ट धरून बसायला सांगतो. नेहमीच्या पॉलिमरेजची पकड सगळीकडून घट्ट असते, आणि यीस्टच्या या तीन एन्झाइम्सनी ती पकड प्रत्येकी वेगळ्या जागी सोडलीय. पॉल ईटाने पुढच्या बाजूला सोडलीय, पॉल झीटाने मागच्या बाजूला, आणि रेव्ह१ ने तर टेम्प्लेटचा, म्हणजे जिच्यावरून कॉपी करायची त्या साखळीचा, नादच सोडलाय. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

आधी अडकतं कशामुळे ते बघू. यीस्टमध्ये (इथे यीस्ट म्हणजे बेकरीतलं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी) रोजचं कॉपी करायचं काम मुख्यतः पॉल डेल्टा आणि पॉल एप्सिलॉन करतात. दोन्ही बी फॅमिलीतली. यांच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये टेम्प्लेटचा एका वेळी एकच बेस बसतो, त्याच्या पुढचा बेस बाजूला वळलेला असतो, म्हणजे वाचायचा बेस आणि न वाचायचा बेस यांच्यात कोन असतो. आता अल्ट्राव्हायोलेटने शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटले, पाचव्या आणि सहाव्या कार्बनला कार्बन जोडला जाऊन मध्ये चौकोनी सायक्लोब्युटेन रिंग तयार झाली, तर या दोघांपैकी एकाला आत घ्यायचं आणि दुसऱ्याला बाजूला वळवायचं हे जमणारच नाही, कारण ते आता कोव्हॅलंट बाँडने बांधलेत. वर या पॉलिमरेजना एक्झोन्युक्लिएज असतो, तो प्रत्येक घातलेला बेस तपासतो आणि पटला नाही तर काढून टाकतो, त्यामुळे चुकून एखादा बेस घातला गेला तरी तो घाल काढ, घाल काढ असाच खेळ चालतो आणि फोर्क (डीएनए उलगडून कॉपी होत असतो ती जागा) जागेवर उभा. प्रूफरीडिंग धरून दहा लाखांत एखादी चूक किंवा त्याहूनही कमी, अशी शिस्त हवी असेल तर ही किंमत मोजावी लागते.

इतिहासाचे दोन-तीन टप्पे स्लाइडवर टाकच, कारण क्रम उलटा आहे, जेनेटिक्स आधी झालं आणि एन्झाइम्स नंतर सापडली. १९७१ मध्ये लेमाँट यांनी यीस्टचे असे म्युटंट शोधले की ज्यांच्यावर यूव्ही मारलं तरी म्युटेशन वाढत नव्हती. याचा अर्थ मोठा होता, यूव्हीमुळे होणारी म्युटेशन ही नुसती केमिकल अपघाताने होत नाहीत, पेशीची स्वतःची काही जीन्स ती ‘करतात’. रेव्ह१ आणि रेव्ह३ तिथून आले. मग एकदम १९९६, नेल्सन, लॉरेन्स आणि हिंकल या तिघांनी दाखवलं की रेव्ह३ आणि रेव्ह७ मिळून एक पॉलिमरेज बनतं, त्याला पॉल झीटा नाव मिळालं, आणि रेव्ह१ हे सायटोसिन घालणारं ट्रान्स्फरेज आहे. १९९९ मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हस्टनमधल्या सत्य प्रकाश आणि लुईझ प्रकाश यांच्या लॅबने दाखवलं की रॅड३० हे जीन ज्या प्रोटीनचं आहे ते थायमिन डायमर सहज आणि बरोबर ओलांडणारं पॉलिमरेज आहे, हेच पॉल ईटा. त्याच वर्षी कळलं की माणसातलं हेच जीन बिघडलं तर झिरोडर्मा पिगमेंटोसमचा व्हेरियंट प्रकार होतो, त्यात रिपेअर ठीक असतो पण उन्हामुळे त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका फार वाढतो.

या पेशंटमध्ये तुझ्या सरांच्या वाक्याचं उत्तर आहे. पॉल ईटा जर नुसतं चुका करणारं एन्झाइम असतं तर ते गेल्यावर म्युटेशन कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. यीस्टमध्येही तसंच, रॅड३० काढलं की यूव्हीनंतर कॅन१ (म्युटेशन मोजायला वापरतात ते जीन) मधली म्युटेशन वाढतात, आणि रेव्ह३ काढलं की म्युटेशन धाडकन खाली येतात. दोन्ही ‘ट्रान्सलीजन पॉलिमरेज’, दोघांचं वागणं एकमेकांच्या विरुद्ध, आणि आपण दोघांना एकाच शब्दात गुंडाळतो.

आता स्ट्रक्चर. पॉलिमरेजच्या भागांना उजव्या हाताच्या ठेवणीवरून पाम, फिंगर्स आणि थंब अशी नावं आहेत, पामच्या तळाशी ॲसिडिक अमिनो ॲसिड्स, ती मॅग्नेशियम धरतात, तिथे रिॲक्शन होते. पॉल ईटा आणि रेव्ह१ वाय फॅमिलीतले आहेत, आणि या फॅमिलीत फिंगर्स आणि थंब अगदी आखूड, बुटके असतात. त्याची भरपाई म्हणून एक जादाचा डोमेन असतो, त्याला पॅड किंवा लिटल फिंगर म्हणतात, आणि तो मेजर ग्रूव्हच्या बाजूने डीएनए धरतो. यीस्टच्या पॉल ईटाचं पहिलं स्ट्रक्चर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या अनिल अगरवाल यांच्या ग्रुपने प्रकाश लॅबबरोबर दिलं, त्यात डीएनए नव्हता, नुसतं प्रोटीन, पण पॅड तिथेच दिसला आणि ॲक्टिव्ह साइटमध्ये ॲस्पार्टेट ३०, ॲस्पार्टेट १५५ आणि ग्लुटामेट १५६ हे त्रिकूट बी फॅमिलीसारखंच बसलेलं दिसलं. म्हणजे केमिस्ट्री तीच आहे, आजूबाजूचं बांधकाम वेगळं.

खरी मजा २०१० च्या स्ट्रक्चरमध्ये आहे. त्यात पॉल ईटा, थायमिन डायमर असलेला डीएनए आणि येणारा न्यूक्लिओटाइड तिन्ही एकत्र क्रिस्टलमध्ये आहेत. दिसतं काय, तर ॲक्टिव्ह साइटची फट इतर पॉलिमरेजपेक्षा चांगलीच मोकळी आहे आणि डायमरचे दोन्ही थायमिन एकदम आत बसतात. दुसऱ्याला बाजूला वळवायची गरजच नाही. पण मोकळी फट एवढंच असतं तर ते दोन थायमिन आत हलत राहिले असते आणि कुठलाही बेस समोर गेला असता. तसं होऊ नये म्हणून ग्लुटामिन ५५, आर्जिनिन ७३ आणि मेथिओनिन ७४ या तिघांनी त्यांना जागेवर धरून ठेवलंय, आणि ही अमिनो ॲसिड्स बदलून बघितली तर बायपासवर परिणाम होतो हे बायोकेमिस्ट्रीने आणि जेनेटिक्सनेही तपासलं गेलंय. धरल्यामुळे थायमिनची हायड्रोजन बाँड करणारी बाजू येणाऱ्या ॲडेनिनला नीट समोर मिळते. डायमर होताना थायमिनची ती बाजू बिघडलेलीच नसते ना! हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. डायमरमध्ये बिघाड असतो तो बेसच्या मागच्या अंगाला आणि बॅकबोनच्या वळणात, वाचायची बाजू शाबूत असते. ज्या एन्झाइमला त्या वळणाचा त्रास होत नाही ते एन्झाइम मग वॉटसन-क्रिक पद्धतीनेच वाचतं आणि बरोबर वाचतं. ‘एरर-फ्री’ याचा अर्थ एवढाच आहे, त्यात कुठली जादू नाही.

आणि तीच मोकळी फट धड डीएनएवर घातक ठरते. नेहमीच्या पॉलिमरेजमध्ये चुकीची जोडी आकाराने बसत नाही म्हणून बाहेर पडते, इथे आकाराची तपासणीच ढिली, त्यामुळे यीस्टचं पॉल ईटा साध्या डीएनएवर शंभर ते हजार बेसमागे एक चूक करतं, एक्झोन्युक्लिएजही नाही, म्हणजे झालेली चूक परत काढणार कोण. सुदैवाने ते थोडेच बेस घालून सुटतं.

एक सावधगिरीची सूचना. त्याच अंकात, नेचरमध्येच, माणसाच्या पॉल ईटाचंही स्ट्रक्चर आलं होतं, त्या लोकांनी ‘मॉलिक्युलर स्प्लिंट’ असा शब्द वापरला, म्हणजे एन्झाइम वाकडा डीएनए सरळ धरून ठेवतं. नंतर २०१२ मध्ये माणसाच्याच पॉल ईटावर क्रिस्टलच्या आत रिॲक्शन टप्प्याटप्प्याने थांबवून बाँड तयार होताना बघितला गेला आणि तिसरा मेटल आयन दिसला. हे दोन्ही काम सुंदर आहे, पण ते माणसाचं प्रोटीन, तिथे ग्लुटामिनचा नंबर ३८ आणि आर्जिनिनचा ६१ आहे. सेमिनारमध्ये लोक यीस्टचं चित्र टाकतात आणि नंबर माणसाचे लिहितात, मग व्हायव्हाला कोणीतरी विचारतंच.

पॉल ईटाचं काम डायमरवर संपत नाही. ८-ऑक्सोग्वानिनसमोर नेहमीची पॉलिमरेज ॲडेनिन घालायच्या मोहात पडतात कारण तो बेस उलटा फिरून बसतो, पॉल ईटा त्याला सरळ ठेवून सायटोसिन घालतं, त्याचंही यीस्टचं स्ट्रक्चर २०१० मध्येच आलं. सिसप्लाटिनने जोडलेले दोन ग्वानिनही ते ओलांडतं, ते स्ट्रक्चर २००७ चं, जर्मनीतल्या ग्रुपचं. केमोथेरपीच्या दृष्टीने ही तशी वाईट बातमी, कारण औषधाने अडवलेला फोर्क हेच एन्झाइम सोडवतं.

आणि मग येतं (६-४) फोटोप्रॉडक्ट. यूव्हीचंच डॅमेज, पण इथे थ्री प्राइम बाजूच्या बेसची वाचायची बाजूच वाकून बिघडलेली असते. पॉल ईटा त्या बेससमोर ग्वानिन टाकतं आणि तिथेच थांबतं. पुढे न्यायला पॉल झीटा लागतं. आता बघ, ते लीजन (डॅमेज झालेली जागा) टी-टी, म्हणजे दोन थायमिनचं, असेल तर ग्वानिन चुकलं, म्युटेशन झालं, पण तेच लीजन टी-सी असेल तर थ्री प्राइमला सायटोसिन आहे, म्हणजे ग्वानिन बरोबर! आणि (६-४) लीजन टी-सी जागी बऱ्यापैकी होतात. तेच एन्झाइम, त्याच प्रकारचं लीजन, घातलेला बेसही तोच, आणि तरी एकदा एरर-प्रोन तर एकदा एरर-फ्री. सरांना हे उदाहरण दाखव, वाद मिटेल.

रेव्ह१ हे माझं आवडतं. २००५ मध्ये सायन्समध्ये अगरवाल-प्रकाश ग्रुपचाच पेपर आला, पहिले लेखक दीपक नायर, जे नंतर भारतात परत आले आणि फरिदाबादच्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीमध्ये अशाच पॉलिमरेजवर काम करतात. तोपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की रेव्ह१ समोर काहीही असो, सायटोसिन घालायला बघतं, ग्वानिनसमोर सगळ्यात चांगलं, आणि बेस गळून पडलेल्या रिकाम्या जागेसमोरही. कसं ते माहीत नव्हतं. स्ट्रक्चरमध्ये दिसलं की टेम्प्लेटचा ग्वानिन हेलिक्समधून बाहेर काढून ठेवलाय, त्याच्या जागी ल्युसिन ३२५ घुसलंय, आणि येणाऱ्या सायटोसिनशी हायड्रोजन बाँड कोणी केलेत तर आर्जिनिन ३२४ ने. म्हणजे टेम्प्लेट म्हणून प्रोटीनचंच अमिनो ॲसिड! प्रश्नपत्रिका न बघताच पाठ केलेलं एकमेव उत्तर लिहून ठेवणारा विद्यार्थी असतो ना, तसं हे एन्झाइम आहे, आणि बहुतेक वेळा प्रश्नही तोच आलेला असतो म्हणून पास होतं. आर्जिनिनची बाजूची साखळी सायटोसिनशीच नीट जुळते, थायमिन किंवा प्युरिन तिथे तसं जमत नाही, म्हणून एकच बेस.

याचा फायदा कुठे? ग्वानिनच्या एन२ जागेवर, मायनर ग्रूव्हच्या बाजूला, काही चिकटलं असेल तिथे. ॲक्रोलिन घे, सिगारेटच्या धुरात असतं आणि पेशीत फॅटच्या ऑक्सिडेशनमधूनही तयार होतं, ते ग्वानिनवर असंच बसतं आणि मग तो ग्वानिन सायटोसिनशी जोडीच करू शकत नाही. रेव्ह१ ला त्याचं काय, त्याला जोडी करायचीच नाहीये, बाहेर काढलेल्या ग्वानिनवर काय लटकतंय याने फरक पडत नाही, २००८ मध्ये त्याचंही स्ट्रक्चर आलं. समोर सायटोसिन गेलं, जे बरोबरच आहे. उलट रिकाम्या जागेसमोर सायटोसिन घालणं हा निव्वळ जुगार, गळून पडलेला बेस ग्वानिन असेल तर बरोबर, नाहीतर म्युटेशन.

पण रेव्ह१ बद्दल एक गोष्ट स्ट्रक्चरच्या नादात विसरली जाते. रेव्ह१-१ नावाचा जुना म्युटंट आहे, त्यात बिघाड बीआरसीटी डोमेनमध्ये, १९३ नंबरच्या ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन, ॲक्टिव्ह साइटपासून कितीतरी लांब. याचं सायटोसिन घालायचं काम बऱ्यापैकी शिल्लक असतं, तरी (६-४) लीजनचा बायपास कोसळतो, जिथे मुळात सायटोसिन घालायचंच नसतं. म्हणजे रेव्ह१ चं दुसरं काम आहे, बाकीच्यांना जागेवर आणून बसवायचं, आणि माझ्या मते यीस्टच्या पेशीला त्या दुसऱ्या कामाचीच जास्त गरज पडते. त्याच्या सी-टर्मिनलचे (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाचे) साधारण शंभर अमिनो ॲसिड रेव्ह७ ला धरतात. २०१९ मध्ये माणसाच्या रेव्ह१ चा नेमका हाच सांधा बिघडवणारा एक छोटा रेणू आला, जेएच-आरई-०६, तो दोन रेव्ह१ ना एकमेकांत अडकवतो आणि पॉल झीटाला येऊ देत नाही, उंदरातल्या ट्यूमरवर सिसप्लाटिनबरोबर दिल्यावर परिणाम वाढलेला दिसला.

आता पॉल झीटा. याच्या स्ट्रक्चरसाठी लोकांनी फार वाट पाहिली. रेव्ह३ एकटंच १५०४ अमिनो ॲसिडचं, शुद्ध करायला अवघड, क्रिस्टल देईना. शिवाय २०१२ पर्यंत आपण त्याला रेव्ह३ अधिक रेव्ह७ एवढंच समजत होतो. त्या वर्षी बर्गर्स यांच्या आणि प्रकाश यांच्या लॅबने वेगवेगळं दाखवलं की पॉल डेल्टाचे पॉल३१ आणि पॉल३२ हे दोन सबयुनिट पॉल झीटाचेही आहेत, म्हणजे रोजच्या पॉलिमरेजचे दोन भाग याने वाटून घेतलेत. त्याच वर्षी हेही कळलं की रेव्ह३ च्या शेपटाकडे चार लोखंड-चार सल्फरचा क्लस्टर असतो आणि पॉल३१ शी जोडणी टिकायला तो लागतो. (लॅबमध्ये कोणी पॉल झीटाचं प्रोटीन प्युरिफाय करत असेल तर हे ध्यानात ठेवा, क्लस्टर गेला की कॉम्प्लेक्स सुटतं.)

मग २०२० मध्ये क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने) पूर्ण होलोएन्झाइम, म्हणजे सगळ्या सबयुनिटसकट एन्झाइम, दिसलं, डीएनए आणि न्यूक्लिओटाइडसकट ३.१ अँगस्ट्रॉमला, आणि डीएनएशिवाय ४.१ ला. चार नव्हे, पाच प्रोटीन साखळ्यांची रिंग आहे, रेव्ह३, पॉल३१, पॉल३२ आणि रेव्ह७ च्या दोन कॉपी, प्रत्येक जण शेजाऱ्याला धरून, कुठे खंड नाही. रेव्ह७ दोन आहेत हे चित्र बघितल्याशिवाय पटत नाही.

पॉल झीटा बी फॅमिलीतलं आहे, म्हणजे घराणं पॉल डेल्टाचं, पॉल ईटाचं नाही. म्हणून नवीन बेस घालताना त्याची ॲक्टिव्ह साइट बरीच घट्ट आहे, दहा हजार ते लाख बेसमागे एक चूक, पॉल ईटापेक्षा कितीतरी चांगलं. डायमरसमोर स्वतःहून बेस घालायला ते फारसं बरं नाही. मग म्युटेशन त्याच्या नावावर का? कारण ते ढिलं आहे मागच्या बाजूला. दुसऱ्या कोणीतरी चुकीचा बेस घालून ठेवला, प्रायमरच्या टोकाला वाकडी जोडी आहे, तर पॉल डेल्टा तिथे अडतं, मागे जाऊन कापतं. पॉल झीटा त्या वाकड्या टोकावरूनच पुढे लिहायला लागतं. रेव्ह३ मध्ये एक्झोन्युक्लिएजचा डोमेन दिसायला आहे, पण काम करत नाही, म्हणजे मागे जाऊन कापायची सोयच नाही, आणि नुकत्याच तयार झालेल्या जोडीवरची देखरेखही ढिली. एक जण घालतो, दुसरा पुढे नेतो, हे दोन टप्प्यांचं मॉडेल २००० मध्ये मांडलं गेलं आणि २०२० च्या स्ट्रक्चरने त्याला शरीर दिलं. चूक करणारा वेगळा असतो, ती चूक पक्की करणारा पॉल झीटा, म्हणून रेव्ह३ काढलं की यूव्हीची बहुतेक सगळी म्युटेशन गायब होतात आणि आपोआप होणाऱ्या म्युटेशनपैकीही निम्म्याहून जास्त. यीस्ट रेव्ह३ शिवाय आरामात जगतं, उंदराचा गर्भ मात्र जगत नाही.

आता तू पुढे विचारशीलच, की एवढी ढिली एन्झाइम्स मोकळी फिरत असताना पेशी टिकते कशी. पीसीएनएमुळे. पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी ही तीन सबयुनिटची रिंग डीएनएभोवती असते, फोर्क अडकला की रॅड६-रॅड१८ ही एन्झाइम्स तिच्या लायसिन १६४ वर एक युबिक्विटिन (खुणेसारखं लावायचं छोटं प्रोटीन) लावतात, हे २००२ मध्ये कळलं. २०१० मध्ये यीस्टच्या अशा पीसीएनएचं स्ट्रक्चर आलं, युबिक्विटिन रिंगच्या मागच्या तोंडावर बसलेलं दिसलं, म्हणजे पुढच्या तोंडावर काम चालू असलेल्या पॉलिमरेजला न हलवता मागे दुसरं येऊन बसू शकेल. तिथेच एकाऐवजी युबिक्विटिनची साखळी लागली तर रस्ता बदलतो, मग टेम्प्लेट स्विचिंग (डॅमेज टाळून दुसऱ्या धड साखळीवरून कॉपी), तो वेगळाच विषय.

इथेच स्ट्रक्चर बघणाऱ्यांचा मोठा घोळ होतो. २०१० च्या पॉल ईटाच्या क्रिस्टलमध्ये पहिले ५१३ अमिनो ॲसिडच आहेत, प्रोटीन ६३२ चं आहे. उरलेल्या शेपटात युबिक्विटिन धरणारा डोमेन आणि अगदी टोकाला पीसीएनए धरणारी पट्टी. रेव्ह१ च्या २००५ च्या स्ट्रक्चरमध्ये साधारण ३०५ ते ७३८, पूर्ण प्रोटीन ९८५ चं, म्हणजे बीआरसीटीही नाही आणि रेव्ह७ धरणारं टोकही नाही. एन्झाइम बेस कसा घालतं हे चित्रात आहे, कधी आणि कोणाच्या बोलावण्यावरून येतं ते चित्राबाहेर राहिलं. अल्फाफोल्डवर (स्ट्रक्चरचा अंदाज सांगणारा प्रोग्रॅम) टाकलंस तर डोमेन मिळतील पण मधली लवचीक शेपटं कमी कॉन्फिडन्सची, तांदळाच्या शेवयांसारखी लोंबताना दिसतील, त्यावरून काही निष्कर्ष काढू नकोस.

स्लाइडसाठी चित्रं स्वतः काढ, पेपरमधली चिकटवू नकोस. पीडीबीवरून (प्रोटीन स्ट्रक्चरचा डेटाबेस) ३एमएफआय घे, ते डायमरसकट यीस्टचं पॉल ईटा, शेजारी ३आयएवाय घे, ते यीस्टचं पॉल डेल्टा. पायमॉलमध्ये (स्ट्रक्चरची चित्रं काढायचा प्रोग्रॅम) दोन्हींचा पूर्ण प्रोटीन अलाइन करू नकोस, फॅमिली वेगळ्या आहेत, काहीतरी विचित्रच येतं. पामची ॲसिडिक अमिनो ॲसिड्स आणि येणारा न्यूक्लिओटाइड एकमेकांवर बसव, मग वाचल्या जाणाऱ्या बेसच्या पुढचा, फाइव्ह प्राइम बाजूचा बेस कुठे जातो ते बघ. एकात बाजूला वळलेला, दुसऱ्यात आतच. सरफेस चालू करून फट दाखवलीस की बोलायची फार गरज पडत नाही. रेव्ह१ साठी २एक्यू४ उघड, आर्जिनिन ३२४ स्टिकमध्ये दाखव. पॉल झीटासाठी ६व्ही९३, पण ते मोठं आहे, लॅपटॉप जुना असेल तर कार्टूनवरच ठेव.

प्रॅक्टिकलचंही विचारलंयस, एखादा छोटा प्रयोग करता येईल का. येईल. वाइल्ड टाइप, रॅड३० काढलेलं, रेव्ह३ काढलेलं आणि दोन्ही काढलेलं असे चार स्ट्रेन घे. एकट्या रॅड३० चा यूव्हीला त्रास तसा सौम्यच दिसतो, कारण न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर बहुतेक डायमर आधीच काढून टाकतो, ठळक फरक हवा असेल तर रॅड१४ (याच रिपेअरचं एक जीन) काढलेल्या बॅकग्राउंडमध्ये कर आणि डोस खूप कमी कर. आधी किल कर्व्ह (कुठल्या डोसला किती पेशी मरतात ते), मग म्युटेशन. म्युटेशनसाठी कॅनाव्हनिन प्लेट, लिटरला ६० मिलिग्रॅम, आणि मीडियात आर्जिनिन अजिबात नको, कारण कॅनाव्हनिन आर्जिनिनच्याच वाटेने, कॅन१ परमिएजमधून आत जातं, आर्जिनिन असेल तर दोघांची स्पर्धा होऊन कॅनाव्हनिन आत शिरतच नाही आणि सगळी प्लेट भरून वाढते. जगलेल्या पेशींची संख्या साध्या प्लेटवर वेगळी मोज आणि म्युटंटचा आकडा त्याने भाग, नुसत्या कॉलनी मोजून स्ट्रेनची तुलना करू नकोस. आणि यूव्ही मारल्या मारल्या प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेव. यीस्टमध्ये फोटोलायेज आहे, साध्या उजेडात ते डायमर सरळ तोडून पूर्ववत करतं, ट्यूबलाइटखाली प्लेट मोजत, गप्पा मारत बसलीस तर पॉल ईटाला ओलांडायला डायमर शिल्लकच राहणार नाहीत. यूव्ही मारताना खोलीतही पिवळा किंवा अगदी मंद दिवाच ठेव.